साडूंचा भराव, आपलं तळं

पत्राचा सारांश: वाचक पन्नाशीचे, नोकरी पुण्यात. शहरापासून तासाभराच्या अंतरावर पाच एकरांच्या एका मंजूर एनए (बिगरशेती) लेआउटमध्ये त्यांनी आणि त्यांच्या साडूंनी शेजारी-शेजारी दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट घेतले. दोन्ही प्लॉट सगळ्यात खालच्या रांगेत आहेत. ताबा मिळून सव्वा वर्ष झालं. साडूंनी उन्हाळ्यात आपल्या प्लॉटवर तीन फूट मुरमाचा भराव टाकून घेतला. जुलैत दोन दिवस झड लागली, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जोराची सर आली आणि वाचकांच्या प्लॉटमध्ये गुडघाभर पाणी साचलं. ते चार दिवस हललं नाही. लेआउटचं सगळं पाणी एका कोपऱ्यातल्या बारा इंची सिमेंट पाईपमधून खालच्या शेतात सोडलेलं आहे आणि त्या शेतकऱ्याने पाईपच्या तोंडाशी मातीचा बांध घातला आहे. डेव्हलपर म्हणतो, लेआउट मंजूर आहे, माझं काम संपलं. पत्नी म्हणते, "ताईंकडे तीन फूट टाकलाय ना, मग आपण साडेतीन टाकू." वाचक विचारतात: भराव नेमका किती फूट टाकावा? शेतकऱ्याविरुद्ध पोलिसांत जावं का? आणि घरातले संबंध न बिघडवता साडूंशी हे बोलायचं कसं?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पाणी कुणामुळे आलं हे तुम्ही फार तपशिलाने लिहिलंय. साडूंचं एक पान, शेतकऱ्याचं अर्धं, डेव्हलपरचं अर्धं. पण तुमचा प्लॉट समोरच्या रस्त्यापेक्षा किती खाली आहे, आणि त्या पाईपच्या तोंडापेक्षा किती वर, हे दोन आकडे पूर्ण पत्रात नाहीत. साडूंचे तीन फूट तरी कशापासून मोजलेले? रस्त्यापासून, की त्यांच्याच जुन्या जमिनीपासून? हे माहीत नसताना साडेतीन ठरवणं म्हणजे माप न घेता शर्ट शिवायला टाकण्यासारखं आहे.

म्हणून "किती फूट" हा प्रश्न जरा वेळ बाजूला ठेवू. आधी पाण्याचा हिशेब करू, तो कुणालाही जमेल असा आहे. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचा दोन गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे साधारण २०२ चौरस मीटर. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर फक्त तुमच्या प्लॉटवर वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. तेवढ्याने गुडघाभर तळं होत नाही. उरलेलं पाणी पाहुणं आहे आणि ते फक्त साडूंकडून आलेलं नाही. पाच एकर म्हणजे वीस हजार चौरस मीटरच्या थोडं वर. तासाभरात ५० मिलिमीटर कोसळले तर लेआउटवर दहा लाख लिटर पडतात. शंभर टँकर, तेही एका तासात.

तिथे शेत होतं तेव्हा यातलं बरंचसं पाणी मातीत मुरायचं, सरीवरंब्यात थांबायचं, बांधाशी अडायचं आणि सावकाश पुढे जायचं. आता डांबरी रस्ते झाले, उद्या स्लॅब होतील, अंगणात पेव्हर ब्लॉक बसतील. तेव्हा दहातलं आठ हिस्से पाणी लगेच धावायला लागेल. म्हणजे तासाला आठ लाख लिटर, सेकंदाला सव्वादोनशे. आणि तुमचा तो बारा इंची पाईप? दोनशे फुटांना एक फूट असा बरा उतार धरला तरी तो भरून वाहताना सेकंदाला जेमतेम सत्तर लिटर नेतो. शेतकऱ्याने तोंडाशी बांध घातला नसता तरी मोठ्या सरीचं पाणी त्यातून तुंबतच गेलं असतं. आज लेआउटमध्ये घरं मोजकी आहेत म्हणून चार दिवस. पुढे काय होईल ते तुम्हीच ताडा.

आता त्यावर साडेतीन फूट भराव टाकून बघा. तुमच्या जागेत साचलेलं पाणी तुमच्या पलीकडच्या प्लॉटमध्ये जाईल. तो मालक चार फूट टाकेल. खालची पूर्ण रांग उंचावली की पाणी रस्त्यावर उभं राहील. मग रस्त्याची उंची वाढवा अशी मागणी होईल आणि रस्ता वाढला की आज तीन फूट वर असलेले साडू दीड फुटावर येतील. पुण्याच्या जुन्या सोसायट्यांमध्ये हे घडलेलं तुम्ही पाहिलं असेल. रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि ज्या बंगल्यात दोन पायऱ्या चढून जायचो तिथे आता एक पायरी उतरून जावं लागतं.

खर्चही पाहा. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. साडेतीन फूट उंचीला दाबलेला भराव ७६ ब्रास होतो (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सुटा मुरूम त्याहून वीसेक टक्के जास्त लागतो, म्हणजे नव्वदच्या घरात. त्या उंचीचा भराव कडेच्या भिंतीला आडवा रेटा देतो, म्हणून सहा इंची वीटकामाचं साधं कंपाउंड चालत नाही, मातीचा रेटा धरणारी भिंत व्यवस्थित बांधावी लागते. साडूंनी ती बांधली आहे का, हे बघून घ्या. नसेल तर त्यांचा मुरूम पावसागणिक तुमच्याकडे येत असणार. एखादा ठेकेदार साडेतीन फूटच टाका म्हणाला तर नवल नाही, त्याचा हिशेब ब्रासवर चालतो.

"लेआउट मंजूर आहे" या वाक्यावर तुमचा फार भरवसा दिसतो. डेव्हलपर ते ढाल म्हणून वापरतो आणि तुम्हीही मनातून ते मान्य केलंय. मी नोकरीत असताना शेकडो लेआउट पाहिले. मंजूर नकाशावर रस्त्यांची रुंदी, प्लॉटची क्षेत्रफळं, दहा टक्के मोकळी जागा हे सगळं ठळक असतं. खरेदीदाराच्या हाती पडणाऱ्या प्रतीवर उतार मात्र दिसत नाही. कागद सपाट असतो, जमीन नसते. माझा एक पुतण्या कॅनडात, ओंटारियोत राहतो. तिकडच्या बऱ्याच नगरपालिकांत नव्या वसाहतीतल्या प्रत्येक प्लॉटचा वेगळा ग्रेडिंग नकाशा असतो. चारही कोपऱ्यांच्या पातळ्या आणि पाणी कुठल्या बाजूने वाहणार याचे बाण त्यावर काढलेले असतात. घर झाल्यावर त्या पातळ्या तपासून दाखला द्यावा लागतो. दोन घरांच्या मधला उथळ चर बुजवून त्याला बागकामाची शेड टाकायची होती, तर आधी परवानगी आणा म्हणाले. चिडला होता. मला मात्र हेवा वाटला.

आपल्याकडे राष्ट्रीय बांधकाम संहितेत जोत्याबद्दल एक वाक्य आहे, त्यातला अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहतो. जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच असावं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्याच आधी म्हटलंय की भोवतालच्या जमिनीच्या पातळीचा विचार करून जागेचा निचरा नीट होईल अशा रीतीने जोतं ठेवावं. उंची निचऱ्यासाठी सांगितली आहे. आपण निचरा विसरलो आणि उंची धरून बसलो.

तेव्हा कागद असे मिळवा. पहिला, त्या गटाचा जुना सातबारा. त्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीखाली न येणारं, क्षेत्र 'ब' वर्गात दाखवलं आहे का ते पाहा. रस्ता, ओढा, पाण्याची जागा अशा सार्वजनिक वापराखालचं क्षेत्र त्या वर्गात येतं. दुसरा, भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा. ओढे-नाले त्यावर रेखलेले असतात. तिसरा कागद नाही, चित्र आहे. गुगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं बघता येतात. तुमचा लेआउट पडण्याआधीची पावसाळ्यानंतरची चित्रं काढा. शेतातून तिरकी गेलेली हिरवट रेघ दिसली तर ती ओघळ समजा. ओघळ बुजवून त्यावर प्लॉट पाडले असतील तर तुमच्या दारातलं तळं नवीन नाही, ते आपल्या जुन्या जागी परत आलंय. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने पुण्यात काय केलं ते आठवा. ओढा तोच होता, त्याच्या अंगावर शहर चढलं होतं.

आता शेतकरी. पोलिसांत जाऊ नका, हे स्पष्टच सांगतो. एक तर हा दिवाणी मामला आहे, ठाणे अंमलदार तुम्हाला हेच ऐकवून परत पाठवतील. आणि दुसरं, तुमची बाजू तुम्हाला वाटते तितकी भक्कम नाही.

१८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा सांगतो की वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिक रीतीने खाली येत असेल तर खालच्या जमीनमालकाने ते येऊ द्यायला हवं. तुमच्या डेव्हलपरने हाच नियम तुम्हाला ऐकवला असणार. पण त्यातला कळीचा शब्द 'नैसर्गिक' आहे. पाच एकरांवर पसरून, बांधाबांधाने झिरपत येणारं पाणी वेगळं. तेच पाणी डांबरावरून गोळा करून, तिप्पट वेगाने, एका पाईपातून एकाच जागी सोडलेलं वेगळं. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? शिवाय त्या पाईपातून नुसतं पावसाचं पाणी येत नाही. बांधकामाची माती, प्लास्टिक येतं. उद्या घरं झाली की सांडपाणी येईल ही धास्ती त्याला आहेच, आणि ती खोटी नाही.

अजून एक कायदा माहीत असू द्या, तो तुमच्यावर उलटू शकतो. शेताचा रस्ता अडवला की शेतकरी ज्या कायद्याखाली तहसीलदारांकडे धाव घेतात, तो १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम. त्याच्याच पाचव्या कलमात पाण्याचीही तरतूद आहे. शेतजमिनीवरचं पाणी शेजारच्या जमिनीत नैसर्गिकपणे वाहून जात असताना कुणी अनधिकृत अडथळा उभा केला आणि त्याने शेताचं, पिकाचं नुकसान होत असेल, तर तहसीलदार तो काढायला लावू शकतात. दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. हे कलम शेतजमिनीसाठी आहे. तुमची जमीन बिगरशेती झाली, त्यामुळे हे दार तुमच्यासाठी बंद. पण तुमच्या लेआउटच्या वरच्या अंगाला शेत असेल आणि डेव्हलपरने तिकडे सलग कंपाउंड घालून पाणी अडवलं असेल, तर तो वरचा शेतकरी या दाराने आत येऊ शकतो. ती भिंत एकदा जाऊन बघा. तळाशी पाण्याला वाट ठेवली आहे का?

खालच्या शेतकऱ्याकडे मात्र जाच. एकटे किंवा साडूंना घेऊन. तक्रार घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा: "लेआउट व्हायच्या आधी पाणी कुठून जायचं?" हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, आणि आजवर त्याला हे कुणी विचारलेलंही नसणार. बहुतेक वेळा उत्तर असतं, "त्या बांधाच्या कडंनं जायचं, पार ओढ्यापर्यंत." मग वाट सापडली. त्याच्या बांधाच्या कडेने, त्याला नांगरता येईल इतक्या खोलीवरून, लेआउटच्या खर्चाने ओढ्यापर्यंत पाईप किंवा चर नेणं हा तोडगा निघू शकतो. त्यासाठी लेखी संमती घ्या, मोबदला ठरवा, गाळ कुणी आणि कधी काढायचा तेही त्याच कागदावर लिहा. आणि त्याच्या एका पिकाचं नुकसान झालं असेल तर आधी ते भरून द्या. बावन्न प्लॉट असले तर माणशी किती पडेल?

डेव्हलपरला सोडू नका. तुमच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तर रेराची, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि पाच एकर म्हणजे त्याच्या चाळीसपट. महारेराच्या संकेतस्थळावर तुमचा प्रकल्प उघडा. विकासकामांच्या यादीत अंतर्गत रस्ते, पाणीपुरवठा, दिवाबत्ती यांच्या जोडीला पावसाळी गटारांची ओळ असते. तिथे काय लिहिलंय? पावसाळी गटार देणार असं लिहून काम पूर्ण झाल्याचं दाखवलं असेल आणि जागेवर बारा इंची पाईपचा एकच तुकडा असेल, तर त्या पानाची प्रत काढून ठेवा. २०१६ च्या या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा करारानुसार द्यायच्या सुविधांमधला दोष नजरेला आणून दिला, तर प्रवर्तकाने, म्हणजे तुमच्या डेव्हलपरने, तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तुमचं सव्वा वर्षच झालंय. "माझं काम संपलं" हे त्याचं म्हणणं त्यामुळे टिकत नाही. करारनामा काढून सुविधांचं परिशिष्ट वाचा, आणि दहा-पंधरा प्लॉटधारकांच्या सह्यांचं पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवा. फोनवरचं बोलणं पुरावा ठरत नाही, आणि एकट्याचं पत्र फायलीत जातं.

पत्रात काय मागायचं? "पाण्याचा बंदोबस्त करा" असं मोघम लिहू नका. लेआउटचा समतलरेषांचा, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा, नकाशा मागा, प्रत्येक चौकातली रस्त्याची अंतिम पातळी मागा, बारा इंची पाईप कुठल्या हिशेबाने घातला ते विचारा. आणि मोकळ्या जागेबद्दल मी आता सांगतो ते मागा.

दहा टक्के मोकळी जागा, म्हणजे तुमच्याकडे वीस गुंठे, लेआउटमध्ये नेमकी कुठे आहे? मी पैज लावतो, खालच्या कोपऱ्यात, पाईपच्या जवळ. जिथे प्लॉट विकला जाणार नाही तिथे बाग दाखवायची, ही आपल्याकडची जुनी चाल. या वेळी तीच चाल आपल्या पथ्यावर पडते. ती जागा भोवतालच्या रस्त्यापेक्षा एक फूट खोल ठेवली, तर तिच्यात सहा लाख लिटर पाणी मावतं. मघाचा हिशेब पुढे चालवा. तासाला आठ लाख लिटर धावतात, त्यातले अडीच लाख बारा इंची पाईप ओढून नेतो, उरतात साडेपाच. मोठ्या सरीचं उरलेलं पाणी तासभर बागेत उभं राहतं आणि रात्रीतून पाईपने निघून जातं. मुलांना दुसऱ्या दिवशी क्रिकेट खेळता येत नाही, एवढंच नुकसान. अर्थात लेआउटच्या वरून येणारं पाणी या हिशेबात धरलेलं नाही, ते बाहेरच्या बाहेर वळवावं लागेल. आणि बागेचा तळ पाईपच्या तोंडाकडे उतरता हवा, नाहीतर डासांची पैदास होईल. पण हे जमलं तर खालच्या शेतकऱ्यालाही पाणी बेताने जातं. त्याच्याशी बोलायला जाताना हे हातात असू द्या.

नाहीतर सोसायटी होताच कुणीतरी उत्साही माणूस त्या बागेत भराव टाकून, पेव्हर बसवून मध्ये मंदिर बांधायचा ठराव आणेल. त्या सभेला हजर राहा.

आता तुमच्या घराकडे येतो. मी स्वतः हे एकदा चुकवलंय. माझं घर बांधताना सगळं लक्ष स्लॅबकडे आणि खिडक्यांकडे होतं. अंगणात शहाबादी बसवायची वेळ आली तेव्हा मी परगावी. गवंड्याने फाटकापासून लेव्हल धरली आणि उतार घराकडे आला, पाऊण इंच असेल. पहिल्या वळवाचं पाणी थेट देवघरात. तीन दशकं दुसऱ्यांच्या जमिनीचे उतार तपासणाऱ्या माणसाच्या घरात! आमच्या सौ. अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगतात.

तर, जोतं लेआउटच्या रस्त्याच्या अंतिम पातळीपासून दीड-दोन फूट वर घ्या. भराव घराच्या ठशाखाली पुरेसा आहे. पूर्ण प्लॉट उचलायची गरज नाही. घराभोवतीची जमीन मात्र भिंतीपासून लांब उतरती हवी. अमेरिकेच्या निवासी संहितेत पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार सांगितलाय. दोन गुंठ्यांत बाजूला दहा फूट कुठून आणायचे, पण जेवढी जागा आहे तेवढ्यात तोच उतार ठेवा. काळी माती असेल तर हे अधिकच गरजेचं, कारण ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि पाया दरवर्षी हलवते. भरावाखालची काळी माती आधी काढून टाका. मुरूम सहा-नऊ इंचांच्या थरात, पाणी मारून, प्रत्येक थर रोलरने किंवा धुमसाने दाबून घ्या. एकदम तीन फूट ओतून वरून जेसीबी फिरवला म्हणजे भराव बसला, असं समजू नका. तो पुढची तीन वर्षं बसत राहतो, आणि त्याच्याबरोबर तुमची फरशी. मुरमाच्या गाडीबरोबर रॉयल्टीची पावतीही मागा.

सेप्टिक टँकचं लिहायलाच हवं. चार दिवस पाणी उभं राहणाऱ्या जागेत टँकची झाकणं जमिनीसरशी ठेवली, तर पावसाचं पाणी आत जातं आणि आतलं घरात येतं. झाकणं साचणाऱ्या पाण्याच्या रेषेच्या वर घ्या. शोषखड्ड्यावर विसंबण्याआधी हातभर खड्डा खणून पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच असेल तर तिथे शोषखड्डा म्हणजे पुरलेला हौद.

आणि तुमची खरी गोम: खालची रांग असल्यामुळे तुमच्या प्लॉटचा उतार रस्त्याकडे नाही, मागच्या अंगाला आहे. समोरच्या गटाराचा तुम्हाला उपयोग नाही. तुम्हाला हवा आहे मागच्या हद्दीने सगळ्या रांगेला एकच सलग चर, मोकळ्या जागेपर्यंत नेलेला. तो एका प्लॉटमध्ये जरी बुजला तरी वरच्या सगळ्यांचं पाणी तुंबणार, म्हणून तो कुणा एकट्याचा नसतो. सगळ्यांनी मिळून हद्दीलगत दीड-दीड फूट मोकळं सोडायचं आणि तिथे भिंत, झाड, पाण्याची टाकी काहीही घालायचं नाही, असं लिहून सह्या घ्या. हा चर साडूंच्या प्लॉटमधूनही जाणार.

म्हणजे साडूंशी बोलणं टळत नाही. पण "तुमच्या भरावामुळे माझं तळं झालं" असं सुरू केलंत तर दोन बहिणींमध्ये राखीपासून दिवाळीपर्यंत अबोला. पूर्वी गावात पागोळ्यांवरून भांडणं व्हायची. आपल्या छपराचं पाणी आपल्याच अंगणात पडलं पाहिजे, हा साधा शेजारधर्म होता. तोच धरा. त्यांना सांगा, भराव काढू नका, फक्त आपल्या दोघांच्या हद्दीलगत दीड फूट रुंदीची पट्टी खाली घ्या, दोघांचं मिळून एक गटार करू, खर्च निम्मा-निम्मा. यात त्यांचाही स्वार्थ आहे. भरावाची कड धुपायची थांबते. तुमच्या पत्नीनेच हे ताईंकडे काढलं तर जास्त बरं, असं मला पत्र वाचून वाटलं. तुम्ही दोघं पुरुष मुद्द्यावर येईपर्यंत पावसाळा संपेल.

जे अजून प्लॉट शोधताहेत त्यांच्यासाठी थोडंसं. प्लॉट दिवाळीत बघू नका. तेव्हा सगळी जमीन छान दिसते. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर सहा तासांनी जा. लव्हाळा किंवा पाणकणीस उगवलेलं दिसलं तर तिथे पाणी थांबतं. विजेच्या खांबावर मातीची रेघ असते, तीही बघा. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर वर लिहिलेलं अर्ध्याहून अधिक तुम्हाला लागू पडणार नाही. तिथे ना मंजूर रस्ता, ना मोकळी जागा, ना पाईप. स्वस्त का मिळतोय ते त्यात आलं.

तुम्ही तूर्त भरावाची एकही गाडी मागवू नका. परतीचा पाऊस अजून बाकी आहे, त्याचा उपयोग करून घ्या. पुढची जोराची सर आली की छत्री घेऊन लेआउटमध्ये जा. पाण्यात मूठभर लाकडाचा भुसा टाका आणि तो कुठे वाहत जातो ते बघत चाला. पाणी सर्वांत वर चढलेलं असेल तेव्हा खांबावर, भिंतीवर गेरूने रेघ मारा आणि फोटो काढा. तारखेसह तो फोटो पुढे महारेरापुढे कामी येईल.

मग एखाद्या रविवारी साडूंना बोलवा. सर्व्हेअर तर लावायचाच आहे, पण त्याआधी हार्डवेअरच्या दुकानातून पन्नास फूट पारदर्शक नळी आणा. गवंडी लेव्हल धरतात तीच. तिच्यात पाणी भरा. एक टोक तुम्ही रस्त्याच्या मधोमध धरा, दुसरं साडूंनी प्लॉटच्या कोपऱ्यांवर एकेक करून धरायचं. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की जमिनीपासून त्याची उंची टेपने मोजा आणि वजाबाकी वहीत लिहा. चार कोपरे तुमचे, चार त्यांचे, एक पाईपचं तोंड. तिथपर्यंत नळी पोचली नाही तर मध्ये खुंटी ठोकून टप्प्याने जा. पाणी भरताना नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एवढ्याशा बुडबुड्याने इंच-दीड इंचाची चूक होते आणि मग वाद पुन्हा पहिल्यापासून.